तुम्ही नेरुळला कोणाला पाहिलंत?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळून)

पत्रलेखक कोल्हापूरचे, वय ४१. गेली चौदा वर्षं ते एका फुटबॉल अकादमीत १३ आणि १५ वर्षांखालच्या मुलांना शिकवतात. त्याआधी पेठेच्या संघातून बचावफळीत खेळायचे. गुडघा गेला आणि खेळणं सुटलं. प्रशिक्षकाचं डी आणि पाठोपाठ सी लायसन्स पदरचे पैसे घालून केलं. अकादमीचा राखीव संघ 'पुढच्या वर्षी तुमच्याकडेच' असं त्यांना तीन वर्षं सांगितलं गेलं. यंदा तो बाहेरून आणलेल्या, त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान प्रशिक्षकाकडे गेला. त्याच आठवड्यात एका तालमीने तिचा फुटबॉलचा सिनियर संघ सांभाळायला बोलावलं. मानधन जवळपास दुप्पट, पण बोलणं एकाच हंगामाचं आणि तेही तोंडी. पत्नी म्हणते, घ्या. ते लिहितात, "स्पेनचे लुइस दे ला फुएन्ते पोरांचेच संघ सांभाळत राहिले आणि ६१ व्या वर्षी देशाच्या मुख्य संघाचे प्रशिक्षक झाले. मोबाइलवर त्यांचाच फोटो ठेवलाय. मीही थांबू का? की आता फार थांबलो? गावात अजून मला 'पोरांचे सर'च म्हणतात." ताजा कलम म्हणून त्यांनी एक आठवण लिहिली आहे. २०१७ साली १७ वर्षांखालच्या विश्वचषकातला स्पेन विरुद्ध माली हा उपांत्य सामना पाहायला ते अकादमीतली अकरा पोरं घेऊन नवी मुंबईला गेले होते.

---

नमस्कार सर,

'पोरांचे सर' हे शब्द तुम्हाला बोचतात, ते तुमच्या पत्रात तीनदा आलेत. तरी मी 'सर' म्हणूनच सुरुवात करते. का, ते पुढे येईल.

तुमचं पत्र मी शेवटाकडून वाचलं, ताज्या कलमापासून. २५ ऑक्टोबर २०१७, नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. रात्रभराचा एसटीचा प्रवास, अकरा पोरं, घरून बांधून दिलेल्या चपात्या. स्पेनने माली संघाला ३-१ असं हरवलं. आबेल रुइझचे दोन गोल, फेरान तोर्रेसचा एक. पोरं परतीच्या गाडीत फेरानचीच नक्कल करत होती असं तुम्ही लिहिलंय. मला विचारायचंय ते तुमच्याबद्दल. त्या रात्री स्पेनच्या बाकासमोर कोण उभं होतं, आठवतं का? त्या माणसाकडे मी सावकाश येते. आधी तुमच्या मोबाइलवरचा फोटो.

तो फोटो बर्लिनचा असणार. १४ जुलै २०२४, स्पेनने इंग्लंडला २-१ हरवून युरो कप घेतला, सातच्या सात सामने जिंकून. दे ला फुएन्ते त्या वेळी ६३ वर्षांचे होते. फोटोत जे दिसतं त्यावरून तुम्ही गोष्ट अशी लावलीत: माणूस निमूटपणे पोरांना शिकवत राहिला, कोणाशी भांडला नाही, थांबला, आणि एक दिवस दार उघडलं. चांगली गोष्ट आहे. फक्त ती तशी घडलेली नाही.

हा माणूस स्पेनच्या ला रिओहा प्रांतातल्या आरो गावचा, द्राक्षांच्या आणि वाइनच्या मुलखातला. अॅथलेटिक बिल्बाओ क्लबचा डावा बचावपटू, १९८३ आणि १९८४ अशी सलग दोन वर्षं लीग जिंकणाऱ्या संघातला. खेळणं थांबल्यावर त्यांनी पोर्तुगालेते, औरेरा असे छोटे संघ घेतले. मग सेव्हियाच्या कुमार संघाला शिकवलं, मग बिल्बाओच्या राखीव संघाला. आणि २०११ साली त्यांनी तेच केलं जे आज तुमच्यासमोर आहे: पोरं सोडली आणि मोठ्यांचा संघ घेतला. देपोर्तिव्हो अलावेस, तेव्हा तिसऱ्या श्रेणीत. अकरा सामने झाले आणि त्यांना काढून टाकण्यात आलं. वय ५०.

म्हणजे सर, ते थांबले नव्हते. गेले होते, आपटले होते, आणि परत पोरांकडे आले होते. २०१३ साली स्पॅनिश फेडरेशनने त्यांना १९ वर्षांखालचा संघ दिला तो एका काढून टाकलेल्या प्रशिक्षकाला दिला.

पुढचं तुम्हाला पाठ असेल. २०१५ ला ग्रीसमध्ये १९ वर्षांखालचा युरो, २०१९ ला २१ वर्षांखालचा, तोक्यो ऑलिंपिकमध्ये रौप्य. आणि तरीही २०२२ च्या डिसेंबरमध्ये जे झालं ते त्यांच्या हातात नव्हतं. ६ डिसेंबरला कतारमध्ये स्पेन मोरोक्कोकडून पेनल्टींवर हरला, तेव्हाचे प्रशिक्षक लुइस एन्रिके पदावरून गेले, आणि ८ तारखेला दे ला फुएन्तेंचं नाव जाहीर झालं. त्या रात्री स्पेनच्या तीन पेनल्टी चुकल्या नसत्या, तर तुमच्या मोबाइलवर आज दुसऱ्याच कोणाचा तरी फोटो असता. नशिबाचा हा वाटा आपण गोष्ट सांगताना गाळतो, कारण त्याने गोष्ट बिघडते.

'थांबलं की मिळतं' हे तुमचं पहिलं गृहीत. त्याला माझ्याकडे आणखी एक उत्तर आहे, आणि ते जरा कडू आहे: राऊल. रेआल माद्रिदचा तो राऊल, सात नंबरचा. २०१९ पासून २०२५ पर्यंत, सहा हंगाम, त्यांनी माद्रिदचा राखीव संघ कास्तिया सांभाळला. २०२० ला क्लबच्या कुमार संघाला युरोपातली यूथ लीग जिंकून दिली. दरवर्षी वर्तमानपत्रं लिहायची की मुख्य संघ आता त्यांच्याकडेच. मुख्य संघाचे प्रशिक्षक झिदान गेले, आन्चेलोत्ती आले. २०२५ ला आन्चेलोत्ती गेले तेव्हा खुर्ची मिळाली झाबी अलोन्सोला. राऊलनी त्याच उन्हाळ्यात कास्तिया सोडलं. एवढं नाव, एवढा वशिला म्हणा, घरचाच माणूस, आणि तरी नाही. त्यांनी थांबण्यात काही कमी केलं होतं का?

आणि ज्यांना ती खुर्ची मिळाली ते अलोन्सो कुठून आले? तेही पोरांकडूनच. माद्रिदची १४ वर्षांखालची मुलं, मग सान सेबास्तियानला रेआल सोसिएदादचा ब संघ. २०२१ ला त्यांनी तो ब संघ दुसऱ्या श्रेणीत चढवला, जवळजवळ साठ वर्षांनी. पुढच्याच वर्षी तो परत खाली घसरला. आपल्याकडे अशा माणसाला लोकांनी चहाच्या टपरीवर उभं राहू दिलं नसतं. त्यांना मात्र २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या लेव्हरकुझेन क्लबने बोलावलं, आणि २०२४ ला तो संघ एकही सामना न हरता जर्मनीची लीग जिंकला. बोलावणाऱ्यांनी गुणतक्ता पाहून बोलावलेलं नसणार, पोरं कशी खेळत होती ते पाहिलं असणार. तुमच्या तालमीने काय पाहून बोलावलंय, हे त्यांना एकदा विचारा. 'सर स्वस्तात मिळतील' हे उत्तर असलं तर तेही कळू द्या.

आता 'पोरांचे सर' या दुखण्याकडे येते.

स्पेनमध्ये क्लबच्या पोरांच्या अख्ख्या यंत्रणेला 'कांतेरा' म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ दगडाची खाण. आणि तिच्या सर्वांत वरच्या टोकाला राखीव संघ, 'फिलियाल'. आपल्याकडे राखीव म्हणजे बाकावर उरलेल्यांचा संघ. तिथे तो रीतसर लीगमध्ये, मिशीवाल्या मोठ्या माणसांच्या संघांशी दर आठवड्याला खेळतो. पण नियम असा की मुख्य संघ ज्या श्रेणीत आहे तिथे त्याने जायचं नाही. म्हणजे प्रशिक्षकाने कितीही जिंकलं तरी छप्पर ठरलेलं. मुख्य संघ घसरला आणि खालच्याच्या डोक्यावर आला, तर खालच्याने आणखी खाली सरकायचं. १९८० साली कास्तिया चक्क राजाच्या चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. समोर कोण? रेआल माद्रिद, स्वतःचाच मुख्य संघ. ६-१ असे हरले. आता तर राखीव संघांना त्या स्पर्धेत घेतच नाहीत.

आणि या कामातली खरी मेख वेगळीच. तुम्ही उत्तम काम केलंत की तुमचा उत्तम खेळाडू जातो. सामन्याच्या आदल्या दिवशी वरून निरोप येतो, तुझा तो मधला पोरगा उद्या आमच्याकडे बसेल. प्रशिक्षकाने रविवारी त्याच्याशिवाय जिंकायचं, आणि तो गेला याचा आनंदही मानायचा. ही नोकरी ज्याला जमते त्याचं मन कुठल्या मातीचं असतं हे मला नेहमी कुतूहल वाटतं. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, 'पोरगं पंधराचं झालं, जरा हाताशी आलं, की दुसरा कोणीतरी घेऊन जातो.' सर, ती तक्रार म्हणून लिहिलीत, पण हेच त्या कामाचं वर्णन आहे.

माझी एक आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं पहिलीच्या वर्गावर होती. 'बाई, तुम्हाला सातवी कधी देणार?' असं लोक तिला कळकळीने विचारायचे. ती म्हणायची, सातवीच्या गुरुजींना विचारा, पहिली घेता का म्हणून. कोणी घेत नसे. निवृत्तीच्या दिवशी तिला शाल-श्रीफळ मिळालं, मुख्याध्यापकांना मिळाली त्याहून साधी शाल, आणि ती त्यावर पुढे दहा वर्षं बोलत होती. म्हणजे तिलाही लागलं होतं. मान नको असतो असं मी म्हणणार नाही. पण वरचा वर्ग म्हणजे मोठं काम, हे तुमचं दुसरं गृहीत, ते मला पटत नाही. ते वेगळं काम आहे. पोरांच्या संघात हरलेला सामना सोमवारी शिकवायला मिळतो. सिनियर संघात सोमवारी तुम्ही असाल की नाही, हाच प्रश्न असतो. शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलंय.

म्हणून दे ला फुएन्तेंकडून घ्यायचंच असेल तर हे घ्या. बर्लिनला मध्यंतरात त्यांचा मधल्या फळीचा कणा, रोद्री, जखमी होऊन बाहेर गेला. त्यांनी झुबिमेंदीला आणलं, आणि संघ डगमगला नाही. ८६ व्या मिनिटाला डावीकडून कुकुरेयाने चेंडू आत टाकला आणि ओयार्झाबालने जाळ्यात घातला. झुबिमेंदी, कुकुरेया, ओयार्झाबाल हे तिघेही तोक्योला त्यांच्याच हाताखाली होते. त्याआधी उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीविरुद्ध ११९ व्या मिनिटाला ओल्मोच्या पासवर मेरिनोने डोकं लावलं. हे दोघे २०१९ च्या २१ वर्षांखालच्या संघातले, आणि मेरिनो तर २०१५ च्या पोरांमधलासुद्धा. कोण दमल्यावर गप्प होतो, कोणाला बाकावरून उठवल्यावर राग येतो आणि तो राग कामाला येतो, हे त्या माणसाला आठ-नऊ वर्षं आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी वाट पाहण्यात ती वर्षं घालवली असती तर बर्लिनला त्यांच्याकडे काहीच नसतं.

तर मग तुमच्याकडे काय आहे? चौदा वर्षांत साधारण किती पोरं तुमच्या हाताखालून गेली? आज तालमींच्या सिनियर संघांत त्यातली किती आहेत? तुम्हाला बोलावणाऱ्या तालमीत किती? तुम्ही पत्रात एकही नाव, एकही आकडा दिलेला नाही, आणि मला वाटतं की तुम्ही तो कधी मांडलाच नाही. हा हिशेब आधी वहीत मांडा. जी पोरं खेळत राहिली त्यांचा, आणि जी सुटली त्यांचाही: कोणाचा गुडघा गेला, कोण आयटीआयला गेलं, कोणाच्या बापाने मैदान बंद केलं. ही वही तालमीशी बोलताना लागेल, अकादमीशी बोलताना लागेल, आणि 'माझी चौदा वर्षं गेली कुठे' असं रात्री वाटेल तेव्हा तर फारच लागेल.

एक गोष्ट तुमच्या आवडत्या माणसाबद्दल मला सांगायलाच हवी, तुम्हाला आवडणार नाही तरी. २५ ऑगस्ट २०२३. स्पेनच्या महिला संघाने विश्वचषक जिंकल्यावर फेडरेशनचे अध्यक्ष रुबियालेस यांनी खेळाडू जेनी एर्मोसो हिचं तिच्या संमतीशिवाय चुंबन घेतलं होतं. देशभर गदारोळ चालू असताना भर सभेत त्यांनी राजीनामा द्यायला नकार दिला, आणि समोर बसलेल्या दे ला फुएन्तेंनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याने, १ सप्टेंबरला, त्यांनी माफी मागितली. मी ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलंय. ज्या घराने पडल्यावर उचललं, दहा वर्षं पोसलं, त्या घराचा कर्ता बोलतोय म्हटल्यावर हात आपोआप वाजतात, असं मला ते पाहताना वाटलं. त्याने चूक लहान होत नाही. पण एकाच छपराखाली फार वर्षं काढली की आपले हात कोणाच्या तालावर चालतात हे तपासावं लागतं. तुमच्या अकादमीने तीन वर्षं 'पुढच्या वर्षी' म्हटलं आणि तुम्ही दर वेळी 'हो साहेब' म्हणालात, असं तुम्हीच लिहिलंय. रागावू नका, पण तीही टाळीच होती.

आता नेरुळ.

बाकासमोर उभे होते ते सांती देनिया. आल्बासेते गावचे. १९९६ साली अॅतलेतिको माद्रिदने लीग आणि चषक दोन्ही जिंकले त्या संघातले बचावपटू. तुमच्यासारखेच, मागच्या फळीतले. २०१७ च्याच मे महिन्यात त्यांच्या पोरांनी इंग्लंडला पेनल्टींवर हरवून १७ वर्षांखालचा युरो जिंकला होता. नेरुळनंतर तीन दिवसांनी कोलकात्यात पुन्हा इंग्लंड. स्पेन २-० असा पुढे होता, दोन्ही गोल सेर्गियो गोमेसचे, आणि मग हरला ५-२. सोळा-सतरा वर्षांची पोरं, ६६ हजारांचं मैदान, आणि दोन गोलांची आघाडी घेऊन पाच खाल्लेले. त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये काय बोलणं झालं असेल याचा विचार तुम्ही नक्की केला असेल, कारण अशा खोलीत तुम्ही चौदा वर्षं उभे आहात.

पुढे काय झालं बघा. देनिया पोरांबरोबर वर सरकले. २०१९ ला आर्मेनियात १९ वर्षांखालचा युरो जिंकला, अंतिम सामन्यातले दोन्ही गोल नेरुळच्या फेरानचे. दे ला फुएन्ते मुख्य संघाकडे गेले तेव्हा २१ वर्षांखालचा संघ देनियांकडे आला. २०२३ च्या उन्हाळ्यात जॉर्जियातल्या बातुमीला २१ वर्षांखालच्या युरोचा अंतिम सामना, समोर पुन्हा इंग्लंड, ०-१. अगदी शेवटच्या क्षणी स्पेनला पेनल्टी मिळाली. मारायला कोण? आबेल रुइझ, ज्याने नेरुळला तुमच्या डोळ्यांदेखत पेनल्टीवर गोल केला होता. गोलरक्षकाने अडवली. संपलं.

पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकचा संघ निवडायची वेळ आली. देनियांनी आबेल रुइझला घेतलं. सेर्गियो गोमेसलाही घेतलं, कोलकात्याच्या संघातल्या हुआन मिरांडालाही. ९ ऑगस्ट २०२४, समोर यजमान फ्रान्स. ३-१ अशी आघाडी आणि भरपाई वेळेत ३-३. कोलकात्याची आठवण झालीच असेल त्यांना. पण या वेळी जादा वेळेत सामना हातचा गेला नाही, कामेयो नावाच्या बदली खेळाडूने दोन गोल मारले, ५-३. १९९२ च्या बार्सेलोनानंतर स्पेनच्या पुरुष फुटबॉल संघाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

सर, तुम्ही ज्या माणसाचा फोटो ठेवलाय त्याला टीव्हीवर पाहिलंत. जो तुमच्यासमोर शंभर-दीडशे मीटरवर उभा होता, त्याचा फोटो नाही ठेवलात. तुमच्या कामाचा माणूस हा आहे. त्याने मोठ्यांच्या संघाची नोकरी मागितली असेल-नसेल, मला त्यात रस नाही. त्याने पोरांबरोबर वय वाढवलं, त्यात आहे.

म्हणून तुमच्यासमोर थांबा किंवा जा असे दोनच रस्ते आहेत असं मला वाटत नाही. तुमच्या १५ वर्षांखालच्या संघातली यंदाची पोरं पुढच्या वर्षी कोणाकडे जाणार? तुमच्या अकादमीत १७-१८ वर्षांखालचा संघ नीट चालत नाही, त्या वयात पोरं गळतात, हे तुम्हीच लिहिलंय. राखीव संघ मिळाला नाही म्हणून तुम्ही दुखावलात, पण तुमच्या पोरांबरोबर वर जाणारा संघ तुम्ही मागितला आहे का? नसेल तर मागा. तोंडी नको. एका पानावर लिहून द्या: कुठली पोरं, कुठल्या स्पर्धा, आठवड्याला किती सत्रं, मानधन किती, पुढच्या बी लायसन्सच्या कोर्सचा खर्च कोण करणार. आणि उत्तराची तारीख घाला, पंधरा दिवसांची. तीन वर्षं ज्यांनी 'पुढच्या वर्षी' म्हटलं त्यांना तारीख सोसत नसते, म्हणूनच ती घालायची.

'हो' आलं तर माझा कौल तिकडे. 'बघू' आलं तर ते 'नाही' समजा, आणि तालमीकडे जा. हो, जा. वहिनींचं म्हणणं मला त्यांच्या जागी योग्य वाटतं. चौदा वर्षं घरात कमी पैसे आले ते त्यांनी चालवून घेतलेत. तुमच्या निष्ठेचा अर्धा खर्च त्यांच्या नावावर आहे, आणि पत्रात त्यांना एकच ओळ मिळाली आहे.

जाल तेव्हा मात्र बढती म्हणून जाऊ नका. एक हंगाम, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, वेगळं काम शिकायला चाललोय असं समजून जा. तालमीकडूनही कागद घ्या, साधा एक पानाचा का होईना. मधेच थांबवलं तर किती महिन्यांचं मानधन, हे त्यात असू द्या. अलावेसने अकरा सामन्यांनी काढलं होतं, तुमची पेठ कदाचित तेवढेही देणार नाही. संघ कोण निवडणार, तुम्ही की कट्ट्यावरची मंडळी, हे पहिल्याच बैठकीत मोठ्याने विचारा. आणि तालमीत पोरांचा संघ नसेल तर सकाळचा एक तास मागून घ्या. तुम्हाला तो लागेल. चौदा वर्षांची सवय आहे, एका हंगामात सुटायची नाही.

अकादमी सोडताना भांडून सोडू नका. यालाही स्पेनमधला दाखला आहे, इन्याकी साएझ. पोरांच्या संघांवर हयात घालवलेला माणूस. १९९९ ला नायजेरियात २० वर्षांखालचा विश्वचषक, त्या संघात चावी होता. सिडनी ऑलिंपिकला रौप्य. २००२ ला त्यांना मुख्य संघ मिळाला, २००४ च्या युरोत स्पेन गटातच बाद झाला, त्यांनी पद सोडलं. आणि परत २१ वर्षांखालच्या पोरांकडे गेले, पुढची चार वर्षं तिथेच काम केलं. आपल्याकडे याला 'उतरले' म्हणतात. त्यांना काय वाटलं ते मला माहीत नाही, पण दार उघडं होतं म्हणून परतता आलं एवढं दिसतं.

तुमच्यासारखी आणखी पाच-सहा पत्रं माझ्याकडे पडून आहेत: सांगलीच्या कबड्डीच्या ताई, ठाण्याचे जिम्नॅस्टिक्सचे सर, पणजीचे एक फुटबॉल प्रशिक्षक. पणजीच्या सरांना मी सेर्गियो लोबेरांची गोष्ट कळवली होती, तुम्हालाही सांगते, कारण ती घराजवळची आहे. ते बार्सेलोनाचा क संघ सांभाळायचे. २००७ ला ब संघ चौथ्या श्रेणीत घसरला, नियमाप्रमाणे क संघाला तिथे जागा उरली नाही, आणि क्लबने तो संघच बंद केला. स्वतःची काही चूक नसताना पायाखालचं मैदान गेलं. त्यानंतर छोटे क्लब, मोरोक्को, मग एफसी गोवा. मार्च २०२१ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला हरवून इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली तेव्हा मुंबईचे प्रशिक्षक तेच होते. पणजीच्या सरांनी उत्तर पाठवलं की त्या सामन्याला प्रेक्षकच नव्हते, कोविडमुळे. बरोबर आहे त्यांचं.

शेवटी एक काम, अकादमीला कागद देण्याच्याही आधीचं. नेरुळला नेलेली ती अकरा पोरं आज बावीस-तेवीस वर्षांची असतील. त्यांना शोधा. रविवारी सकाळी मैदानावर बोलवा, सात-सात जणांचा एक सामना लावा, कमी पडले तर आत्ताची पोरं घ्या. नंतर मिसळ तुमच्याकडून. आणि त्यांना विचारा की त्या रात्रीचं त्यांना काय आठवतं. कोणी काय सांगितलं ते मला कळवा, जमलं तर अकादमीच्या उत्तरासोबत.